सगळ्या तासिकांत वाचन: माध्यमिक शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी

‘मुले काही वाचतच नाहीत’ हे वाक्य शिक्षकखोलीत आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येते आणि बोलणाऱ्याची नजर त्या वेळी बहुधा मराठीच्या शिक्षकांकडे वळलेली असते. वाचन हे भाषेच्या माणसांचे काम, आपण आपला धडा संपवावा, अशी विज्ञान, गणित, भूगोल शिकवणाऱ्यांची प्रामाणिक समजूत असते. प्रत्यक्षात आठवी ते दहावी या तीन वर्षांत मुलाला सर्वांत अवघड मजकूर वाचावा लागतो तो याच विषयांत, आणि तो कसा वाचावा हे त्याला कोणीच दाखवत नाही. कथा त्याला एक वेळ एकट्याने वाचता येते. पर्जन्यछायेच्या, म्हणजे डोंगराआड असल्याने कमी पाऊस पडणाऱ्या, प्रदेशावरचा परिच्छेद त्याला एकट्याने वाचता येत नाही, म्हणून तो गाईड उघडतो.

हा लेख अशा शिक्षकांसाठी आहे जे यंदाच रुजू झाले आहेत, ज्यांच्याकडे भाषा सोडून दुसरा कोणताही विषय आहे (भाषा असली तरी हरकत नाही) आणि ज्यांना आपल्या वर्गाने पाठ्यपुस्तकाबाहेरचे काही वाचावे असे मनापासून वाटते. मी बरीच वर्षे भूगोल आणि इतिहास शिकवला, त्यामुळे उदाहरणे त्या बाजूची अधिक येतील. मुलाच्या हाती पुस्तक पडण्याआधी त्याच्या डोक्यात प्रश्न पडलेला असावा लागतो आणि प्रश्न पडण्याची जागा विषयाची तासिका ही आहे, एवढ्या एकाच अनुभवावर पुढचा सगळा क्रम उभा आहे.

पहिली पायरी: जूनमध्ये काहीही वाटू नका, फक्त पाहा

शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात उत्साहाने वाचनाचा उपक्रम जाहीर करण्याचा मोह टाळावा. त्याऐवजी एका तासाच्या शेवटी प्रत्येकाला कोरी चिठ्ठी द्यावी, नाव लिहू नये असे सांगावे आणि एकच विचारावे: गेल्या दोन दिवसांत तुम्ही शाळेच्या पुस्तकांखेरीज काय काय वाचले? ‘काहीही चालेल’ हे दोनदा सांगावे, कारण मुलांच्या दृष्टीने वाचन म्हणजे जाड पुस्तक आणि बाकीचे सगळे टाइमपास. माझ्या वर्गातून आलेल्या चिठ्ठ्यांत क्रिकेटचे धावफलक होते, खताच्या पोत्यावरची माहिती होती, पोलीस भरतीची जाहिरात होती, आजोबांच्या मधुमेहाच्या गोळ्यांसोबत आलेली बारीक अक्षरातली घडी होती. ती घडी पूर्ण वाचणारा मुलगा ‘वाचत नाही’ या यादीत होता.

याच पंधरवड्यात आणखी एक काम करावे, आणि ते वर्गासमोर करू नये. मधल्या सुट्टीत किंवा मोकळ्या तासाला एकेका मुलाला जवळ बसवून आपल्याच विषयाच्या पाठ्यपुस्तकातील आठ-दहा ओळी मोठ्याने वाचायला सांगाव्यात आणि मग ‘यात काय सांगितले आहे?’ एवढेच विचारावे. पन्नासच्या वर्गाला यासाठी दोन आठवडे सहज लागतात. पण त्यातून वर्ग तीन गटांत विभागलेला दिसतो: अडखळत वाचणारे, घडाघडा वाचून काहीच न समजलेले आणि समजून वाचणारे. दुसरा गट सर्वांत मोठा निघतो आणि नेमका तोच आजवर कोणाच्या लक्षात आलेला नसतो, कारण परीक्षेत त्याचे ठीक चाललेले असते. पहिल्या गटाला मात्र उपक्रमाच्या नावाखाली जाड पुस्तके देऊ नयेत. त्यांना आधी रोज दहा मिनिटे कोणासोबत तरी वाचण्याची सोय हवी आणि त्यासाठी भाषेच्या शिक्षकांची मदत विनासंकोच मागावी.

सेमी इंग्रजीच्या तुकडीत एक वेगळी अडचण असते. तेथे विज्ञान आणि गणित इंग्रजीतून असते, मूल घरी आणि मैदानावर मराठी बोलते, आणि पाठ्यपुस्तकाचे पान म्हणजे त्याला एकाच वेळी दोन कोडी असतात. अशा मुलाला तोच विषय आधी मराठीत वाचायला दिला, तर मागे पडण्याऐवजी तो इंग्रजी पान निम्म्या वेळात उलगडतो. पालक कुरकुर करतात. करू द्यावी.

दुसरी पायरी: कपाटाची किल्ली

बहुतेक शाळांत पुस्तके असतात. ती कुलपात असतात एवढेच. ग्रंथपालाचे पद नसेल तर कपाटाचा भार एखाद्या शिक्षकाकडे असतो आणि हरवलेल्या पुस्तकाची वसुली आपल्याकडून होईल या धास्तीने तो ते उघडतच नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. नोंदवहीवर सही त्याची असते. मुख्याध्यापकांशी बोलून दोन गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात: दाखल नोंदवहीतील जी पुस्तके जीर्ण झाली आहेत त्यांच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदवहीतून रीतसर कमी करण्याचा, प्रस्ताव करायचा, आणि वर्गात फिरवण्यासाठी चाळीसेक पुस्तके आपल्या सहीने आपल्या वर्गाकडे घ्यायची. त्यातली दोन-तीन वर्षअखेर हरवतील हे आधीच सांगून ठेवावे. एकही न हरवणे ही कोणीच न वाचल्याची खूण असू शकते.

ती चाळीस पुस्तके निवडताना शनिवारची एक दुपार खर्ची घालावी आणि शिपाईमामांनाही सोबत घ्यावे, कारण कोणत्या कपाटात काय आहे हे बहुधा त्यांनाच ठाऊक असते. निवडीचा निकष साधा ठेवावा: यातील कोणतेही एक पान उघडून वर्गासमोर वाचले तर मुले ऐकतील का? चरित्रमाला, निबंधमाला, उपदेशपर पुस्तके यांनी कपाटे भरलेली असतात. त्यांतली फारशी हाती लागणार नाहीत. पक्षी, किल्ले, प्रवास, शोधांच्या गोष्टी, खेळाडू, विज्ञानकथा, तसेच जुने दिवाळी अंक आणि मासिकांचे गठ्ठे हे सोने असते. बालभारतीतर्फे १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात, आणि मराठी विश्वकोशाच्या नोंदीही. नववी-दहावीच्या मुलाला विश्वकोशातील संपूर्ण नोंद जड जाते, पण शिक्षकाने तिच्यातला एक परिच्छेद वेगळा काढून दिला तर चांगला पचतो.

तिसरी पायरी: आपल्याच तासाला दहा मिनिटे, मोठ्याने

सगळ्या उपक्रमात हीच पायरी कामाची आहे, म्हणून तिच्यावर थोडे अधिक लिहितो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, आपल्या विषयाच्या तासाची दहा मिनिटे वेगळी ठेवावीत. त्या वेळेत शिक्षकाने चालू धड्याशी जोडलेला, पाठ्यपुस्तकाबाहेरचा, एका पानाहून मोठा नसलेला उतारा स्वतः मोठ्याने वाचावा. त्यावर प्रश्नोत्तरे नाहीत, गुण नाहीत, वहीत उतरवणे नाही. वाचण्याआधी मात्र एक प्रश्न फळ्यावर लिहावा आणि उतारा अशा ठिकाणी थांबवावा की उत्तर अर्धेच मिळेल.

एक उदाहरण तपशिलाने देतो. पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवताना मी फळ्यावर दोन आकडे लिहितो. महाबळेश्वरला वर्षाला साधारण ५,५०० मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला माण तालुक्यात जेमतेम ५०० मिलीमीटर. खाली प्रश्न: या ५०० मिलीमीटरमध्ये माणसे राहतात कशी? मग व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तील शेवटच्या भागातले एक पान वाचतो, जिथे दुष्काळ पडतो आणि धनगरांची वस्ती हळूहळू रिकामी होत जाते. ही कादंबरी १९५५ची. तिचा निवेदक त्या वाडीवर नेमणूक झालेला तरुण शिक्षक आहे, हे सांगितले की मुले माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहतात. वाचन मी मध्येच थांबवतो. ‘पुढं काय होतं सर?’ असे कोणी विचारले की पुस्तक टेबलावर ठेवून देतो आणि धडा सुरू करतो. तास संपल्यावर ते पुस्तक टेबलावर क्वचितच उरते.

पुढच्या आठवड्यात हाच धागा गणिताच्या शिक्षकांकडे जातो. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, एवढे एक वाक्य मुलांना वाचायला दिले आणि टेप घेऊन शाळेचे छप्पर मोजायला सांगितले. हजार चौरस फुटांचे छप्पर म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. त्यावर ५०० मिलीमीटर पावसाचे साधारण ४६,५०० लिटर पाणी पडते, म्हणजे दहा हजार लिटरचे साडेचार टँकर. हा हिशेब स्वतः केलेल्या मुलीने पाणी साठवण्याच्या पद्धतींवरचे पुस्तक मागितले. तोपर्यंत तिने कपाटाकडे ढुंकूनही पाहिले नव्हते.

त्यानंतर इतिहास. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे निघाली, १९७७ मध्ये त्यासाठी कायदा झाला आणि पुढे २००५ मध्ये देशपातळीवर तसाच कायदा आला, हे पाठ्यपुस्तकी भाषेत चार ओळींत संपते. मुलांना मात्र घरी विचारून यायला सांगावे: सुकडी (दुष्काळी कामांवर वाटला जाणारा पौष्टिक खाऊ) आठवते का? मिलो (तेव्हा परदेशातून आलेली लाल ज्वारी) आठवते का? खडी फोडायला कोण कोण गेले होते? दुसऱ्या दिवशी वर्गात इतके काही येते की आवरणे कठीण होते. एका मुलाच्या आजीने मिलोच्या भाकरीला कशी चव नसे आणि ती थापताना कशी मोडत असे हे सांगितले होते. मुलाने ते जसेच्या तसे वहीत लिहून आणले आणि वर्गासमोर वाचले. मग त्या काळातील वर्तमानपत्रांची कात्रणे वाचायला कोणाला आग्रह करावा लागत नाही.

विज्ञानाच्या शिक्षकांना तेथून पुढे ज्वारी कमी पाण्यात कशी तग धरते हे घेता येते. एकच विषय, चार तासिका, चार प्रकारचे वाचन. हे दरमहा साधेलच असे नाही. वर्षातून दोनदा साधले तरी पुष्कळ झाले.

चौथी पायरी: प्रत्येक विषय कसा वाचायचा हे दाखवणे

आपण मुलांना ‘नीट वाचा’ एवढेच सांगतो, पण नीट म्हणजे कसे हे विषयागणिक बदलते. गणिताचे पान पेन्सिल हाती घेऊनच वाचायचे असते. उदाहरणातील प्रत्येक ओळीवरून पुढची ओळ कशी आली हे बाजूला लिहिल्याशिवाय पुढे जायचे नसते, आणि एका पानाला पंधरा मिनिटे लागणे हे तेथे मंदपणाचे लक्षण नसते. विज्ञानात आधी आकृती पाहावी, तिच्यातील नावे बोटाने मोजावी आणि मगच परिच्छेद वाचावा. मुले नेमके उलटे करतात आणि आकृती सोडून देतात. भूगोलात नकाशाची पुस्तिका उघडी नसेल तर वाचन झालेच नाही असे समजावे.

इतिहासात पहिला प्रश्न असतो: हे कोण सांगत आहे, केव्हा आणि कोणाला? १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली आणि दंगल आसपासच्या गावांत पसरली. इंग्रज सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्याच काळातील शेतकऱ्याच्या हलाखीवर महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. पाठ्यपुस्तकातील परिच्छेद आणि ‘असूड’मधील अर्धे पान शेजारी ठेवून, दोन्हींत सावकाराखेरीज आणखी कोणाला जबाबदार धरले आहे ते शोधा, असे सांगावे. फुल्यांची भाषा जुनी आहे, वाक्ये लांबलचक आहेत, मुले आधी वैतागतात. पण आपण एकदा आवाज चढवून वाचून दाखवले की त्या वाक्यांतला संताप त्यांना शब्दांच्या आधी कळतो आणि जुन्या शब्दांचे अर्थ विचारायला तीच पुढे येतात.

पाचवी पायरी: वर्गातील देवघेव मुलांकडे सोपवा

चाळीस पुस्तकांची पेटी किंवा मांडणी वर्गातच ठेवावी आणि देवघेवीची वही दोन मुलांकडे द्यावी. ती दोन मुले हुशार म्हणून ओळखली जाणारी नसावीत. शेवटच्या बाकावरची असली तर उत्तम. वहीत चारच रकाने असावेत: पुस्तक, नाव, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. अभिप्रायाचा रकाना ठेवू नये. अर्धवट सोडलेले पुस्तक परत करताना कारण विचारू नये, कारण पुस्तक सोडून देता येते हे कळल्याशिवाय मूल दुसरे उचलायला धजत नाही. ‘प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ अशा आशयाची सूत्रे डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच ग्रंथालयशास्त्रासाठी मांडली होती. आपल्या पेटीलाही ती पुरतात.

येथे माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी सत्रात सर्वांत अधिक पुस्तके वाचणाऱ्याला बक्षीस जाहीर केले आणि प्रत्येक पुस्तकावर दहा ओळी लिहून मागितल्या. महिन्याभरात वह्यांचा ढीग जमला. तपासताना एका कादंबरीवर सात मुलांनी शब्दशः एकच मजकूर लिहिलेला आढळला. पुस्तक उलटे करून पाहिले तर तो मलपृष्ठावरचा होता. बक्षीस मिळालेल्या मुलाने त्यानंतर एकही पुस्तक नेले नाही. खरोखर वाचणारी एक मुलगी तीन महिने एकाच जाड पुस्तकात गुंतली होती आणि माझ्या यादीत ती तळाला होती. स्पर्धा मी त्यानंतर पुन्हा कधी लावली नाही.

वाचन प्रेरणा दिनाबद्दलही याच ओघात. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन, १५ ऑक्टोबर, राज्यात २०१५ पासून या नावाने साजरा होतो. त्या दिवशी सगळी शाळा पुस्तके हाती घेऊन मैदानात बसते, छायाचित्रे निघतात, अहवाल जातो आणि पुस्तके मोजून कपाटात परत जातात. दिवस चांगला आहे. तो आपल्या वर्गापुरता वापरावा. आदल्या दिवशी पेटीतील पुस्तके मुलांना निवडू द्यावीत आणि मैदानावरून ती घरी नेऊ द्यावीत, म्हणजे छायाचित्रातले पुस्तक रात्रीपर्यंत तरी हातात राहते.

सहावी पायरी: सहकारी, पालक आणि बोर्ड

सगळ्या शिक्षकांना एकदम पटवायला जाऊ नये. नव्या माणसाने सभेत उठून योजना मांडली की जुनी माणसे मान डोलावतात आणि विसरतात. एकच सहकारी गाठावा, शक्यतो ज्याचा तास आपल्या तासाला लागून आहे असा, आणि त्याच्या धड्याला जुळणारा एक उतारा आपणच शोधून, झेरॉक्स काढून त्याच्या हाती द्यावा. त्याने तो वाचला आणि वर्ग शांत बसला, तर दुसरा उतारा तो स्वतः मागेल.

‘दहावीचे वर्ष आहे, अवांतर कशाला?’ हा प्रश्न पालकांकडून येणारच, आणि मुख्याध्यापकांकडूनही. त्यावर भाषण न करता बोर्डाची प्रश्नपत्रिका समोर ठेवावी. मराठीत अपठित उतारा असतो, स्वमत असते. इतिहासात दिलेला उतारा वाचून उत्तरे लिहायची असतात. भूगोलात आलेख आणि नकाशा वाचायचा असतो. यातील काहीही पाठांतराने येत नाही. आठवड्यातील दहा मिनिटांनी अभ्यासक्रम मागे पडत नाही हे पहिल्या घटक चाचणीच्या वेळापत्रकानेच दाखवून द्यावे. त्यासाठी आपला धडा वेळेत संपलेला असला पाहिजे, हे ओघाने आलेच.

घरात मोबाईल आहे आणि पुस्तक नाही, ही परिस्थिती अनेक घरांत आहे. मोबाईलविरुद्ध लढण्यापेक्षा आठवड्याचा उतारा पालकांच्या गटावर टाकावा. काही आया तो वाचतात आणि मुलाला त्यावर विचारतात, आणि आईने विचारलेल्या प्रश्नाचे वजन आपल्या प्रश्नाहून अधिक असते. गावात सार्वजनिक वाचनालय असेल तर एका शनिवारी वर्गाला तेथे घेऊन जावे आणि ग्रंथपालांशी आधीच बोलून ठेवावे की मुले गोंगाट करणार आहेत. मुलांचे सभासदत्व तेथे फारसे महाग नसते. शाळा साताऱ्याच्या परिसरात असेल तर सहलीत भिलार जोडावे. पाचगणीजवळचे हे गाव २०१७ पासून पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाते आणि तेथे लोकांच्या घरांत, पडवीत बसून पुस्तके वाचता येतात. कोणाच्या तरी ओसरीवर बसून वाचणे ही कल्पनाच मुलांना आवडते.

सातवी पायरी: काय मोजावे

किती पुस्तके झाली हे मोजू नये, हे वर आलेच. एक छोटी वही मात्र आपल्यापुरती ठेवावी आणि तीत तीनच प्रकारच्या नोंदी कराव्यात. धड्यात नसलेला प्रश्न कोणी विचारला. ‘यावर आणखी काही आहे का?’ असे कोणी म्हटले. एका विषयात वाचलेले दुसऱ्या विषयाच्या तासाला कोणी सांगितले. ही तिसरी नोंद सर्वांत दुर्मीळ असते. पहिल्या सत्रात मला अशा दोन-तीन मिळत. एका वर्षी दिवाळीनंतर गणिताच्या सरांनी शिक्षकखोलीत येऊन तक्रार केली की मुले क्षेत्रफळाच्या उदाहरणात पाऊस किती पडला ते विचारत आहेत, आणि ती नोंद मी तारखेसह केली आहे.

जूनमध्ये ज्या मुलांकडून आठ-दहा ओळी वाचून घेतल्या होत्या, त्यांच्याकडून फेब्रुवारीत पुन्हा तेवढ्याच ओळी, त्याच विषयाच्या पण न शिकवलेल्या पानावरून वाचून घ्याव्यात. दुसऱ्या गटातील, म्हणजे घडाघडा वाचून काहीच न समजणाऱ्या मुलांपैकी किती जण आता मध्येच थांबून ‘हे कळले नाही’ म्हणतात ते पाहावे. थांबणाऱ्यांची संख्या वाढली असेल तर वर्ष सत्कारणी लागले.

उरते उन्हाळ्याची सुट्टी. शेवटच्या पेपरच्या दिवशी पेटी वर्गाबाहेरच्या पडवीत उघडी ठेवावी आणि आठवी-नववीच्या प्रत्येकाला दोन पुस्तके नेऊ द्यावीत, देवघेवीच्या त्याच वहीत, त्याच दोन मुलांच्या हाताने. जूनमध्ये ती परत येताना काहींच्या पानांत आंब्याच्या रसाचे डाग असतात. ती पुस्तके निर्लेखनाच्या यादीत घालू नयेत. नव्या वर्गाची पेटी भरताना सर्वांत वर ठेवावीत.